ट्रेडिंग शिकण्याची फी नेमकी किती पडते?

फायद्यात ट्रेडिंग जमेपर्यंत किती पैसे बुडतात, त्यासाठी किती रक्कम बाजूला काढावी आणि कोर्स लावावा का, असं तुम्ही विचारलंय. ‘प्रत्येकाचं वेगळं असतं’ म्हणून मोकळं होता आलं असतं, पण हा हिशेब बऱ्यापैकी मांडता येतो.

स्टॉपलॉस, म्हणजे तोटा आवरायला बाहेर पडण्याचा आधीच ठरवलेला भाव, लागला तर एका सौद्यात जेवढे पैसे जातात, त्याला एक वाटा म्हणू. समजा, तुमच्या पद्धतीत १०० पैकी ४० सौदे जमतात, ६० फसतात, आणि जमलेला सौदा दोन वाटे देऊन जातो. म्हणजे ८० आले, ६० गेले, २० उरले. सौद्यामागे ०.२ वाटा. नवशिक्याच्या मानाने ही पद्धत झकासच म्हणायची.

आता यात खर्च घाला. ब्रोकरेज, कर, स्प्रेड (त्या क्षणी खरेदीच्या आणि विक्रीच्या भावात असलेला फरक) आणि हवा तो भाव न मिळाल्यामुळे बसणारं स्लिपेज, असं सगळं मिळून घेण्या-विकण्याचा खर्च सौद्याच्या रकमेच्या ०.१ टक्का धरू. ऐकायला किरकोळ वाटतो. पण तुमचा स्टॉपलॉस खरेदीभावापासून अर्ध्या टक्क्यावर असेल, तर ०.१ टक्का म्हणजे वाट्याचा पाचवा हिस्सा, म्हणजेच ०.२. सगळा नफा तिथेच संपला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! तीच पद्धत थोड्या लांब पल्ल्यावर चालत असेल आणि स्टॉपलॉस दोन टक्क्यांवर असेल, तर खर्च ०.०५ वाटा होतो आणि ०.१५ हातात राहतो. दिवसाला दहा सौदे मारणारे अनेकजण चार्ट वाचण्यात कमी पडतात म्हणून नव्हे, तर इथेच मार खातात असं माझं मत आहे.

पद्धतीत खरोखर दम आहे की नशिबाने साथ दिली, हे पाच-दहा सौद्यांत कळत नाही. वरच्या आकड्यांसारखी पद्धत असेल तर थोड्याफार खात्रीने बोलायला २०० च्या आसपास सौदे लागतात. धरून चला की खर्च धरण्याआधी पद्धत ना नफा ना तोटा निघाली. मग २०० सौद्यांचा नुसता खर्च जवळच्या स्टॉपलॉसने ४० वाटे, लांबच्या स्टॉपलॉसने १० वाटे. तुमची फी ती हीच. पद्धतच मुळात तोट्याची असेल तर अर्थातच याहून जास्त.

आणि एक वाटा केवढा, हे बाजार ठरवत नाही, तुम्ही ठरवता. भांडवलाच्या एक टक्का ठेवलात तर ४० वाटे म्हणजे ४० टक्के भांडवल. पाव टक्का ठेवलात तर दहा टक्के. शिकायला मिळतं ते दोन्हीकडे सारखंच. म्हणून शिकताना ब्रोकर घेऊ देईल तेवढा छोटा सौदा घ्यावा. कंटाळवाणं आहे, मान्य.

मोठा वाटा ठेवणाऱ्याचं काय होतं तेही बघा. ६० टक्के सौदे फसणाऱ्या पद्धतीत २०० सौद्यांच्या ओघात सलग आठ तोटे एकदा तरी येण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या घरात असते. दर वेळी उरलेल्या भांडवलाच्या दहा टक्के पणाला लावणाऱ्याचे त्या आठ सौद्यांत ५७ टक्के जातात, आणि मुद्दल परत यायला १३२ टक्के नफा लागतो. एक टक्कावाल्याचे आठ टक्केही जात नाहीत. पद्धत दोघांची एकच. लिव्हरेजवर (म्हणजे स्वतःच्या पैशांहून मोठे सौदे घेऊन) किंवा कर्ज काढून शिकू नका म्हणतात ते याचसाठी.

खोट्या पैशांचं डेमो खातं बटणं शिकायला ठीक. तिथे स्लिपेज जवळपास लागत नाही आणि पोटात गोळाही येत नाही.

फी भरली म्हणजे पास झालो, असं मात्र इथे नाही. ब्राझीलच्या शेअर-निर्देशांक फ्युचर्स बाजारात (निर्देशांकाचे पुढच्या तारखेचे सौदे होतात तिथे) २०१३ ते २०१५ मध्ये डे ट्रेडिंग, म्हणजे त्याच दिवशी घेणं-विकणं, सुरू केलेल्यांचा अभ्यास झाला आहे. ३०० हून अधिक दिवस टिकून राहिलेल्यांपैकी ९७ टक्के लोक तोट्यात होते. तिथल्या किमान वेतनाहून जास्त कमावणारे फक्त १.१ टक्का. बार्बर आणि ओडीन या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची ६६,४६५ कुटुंबांची १९९१ ते १९९६ ची खाती तपासली. सर्वाधिक सौदे करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले, तर बाजाराने १७.९ टक्के दिले. म्हणजे वर्षाअखेर तुम्ही नफ्यात दिसलात तरी इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडात) पैसे नुसते पडून राहिले असते तर किती झाले असते, ते शेजारी लिहा. तो फरक हाही फीचाच भाग, आणि कुठल्याच स्टेटमेंटवर तो छापलेला नसतो. स्क्रीनसमोर घातलेले तास तर कोणी मोजतच नाही.

कोर्सबद्दल: ऑर्डरचे प्रकार, मार्जिन (सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवायची रक्कम), सौद्याचा आकार कसा काढायचा, हे सगळं फुकट वाचायला मिळतं. तरीही एखाद्याकडे शिकायचंच असेल तर त्याच्याकडे किमान एका पूर्ण वर्षाचं, खर्च वजा केलेलं, सगळ्या सौद्यांचं ब्रोकरकडचं स्टेटमेंट मागा. एका दिवसाच्या नफ्याचा स्क्रीनशॉट पुढे केला, तर पैसे भरू नका.