मिसळणाच्या डब्यातला टेक्सास

प्रश्न : ताई, माझी मुलगी ह्यूस्टनला असते. मे महिन्यात नातवंडं यायची आहेत आणि त्यांना टॅको लागतात. मागच्या खेपेला मुलीनं आणलेली मसाल्याची पाकिटं संपली, इथे मागवायला गेलं तर फार महाग पडतात. म्हणून एका अमेरिकन कृतीत लिहिल्याप्रमाणे अर्धा किलो खिम्याला तीन मोठे चमचे चिली पावडर म्हणून आपलं घरचं तिखट घातलं. कुणाला दुसरा घास जाईना! माझ्याकडे धने-जिरे पूड, कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला सगळं आहे. त्यातून काही जमेल का? — एक आजी, सातारा

उत्तर : आजी, तुमच्या हाताचा दोष नाही. अमेरिकेत चिली पावडर म्हणून जी बाटली मिळते तिच्यात नुसती मिरची नसते. मवाळ मिरचीची पूड, जिरं, ओरेगानो, लसूण आणि पुष्कळदा मीठ, असं ते आयतं मिश्रण असतं. त्यातले तीन चमचे मूलही खाईल. साताऱ्याच्या तिखटाचे तीन चमचे म्हणजे शिक्षाच.

ही बाटली मुळात टेक्सासची. सॅन अँटोनियोच्या चौकांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायका संध्याकाळी चुली मांडून मिरचीतलं मांस विकत. जवळच्या न्यू ब्राउनफेल्स गावात विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन स्थलांतरितानं 1890 च्या दशकात मिरची आणि मसाले एकत्र दळून त्यांची पूड विकायला सुरुवात केली, कारण चांगली मिरची बारमाही मिळत नव्हती. पाकिटातला टॅको मसाला याच घराण्यातला. मेक्सिको सिटीच्या गाडीवर टॅको खाल्लात तर ही पूड सापडणार नाही. तिथे मांस वेगळं मुरवतात आणि चव वरच्या साल्साची, म्हणजे तिकडच्या चटणीची. तुमच्या नातवंडांना हवी आहे ती कडक कवचातली, खिम्याची, वर किसलेलं चीज घातलेली अमेरिकन चव. ती करायला आपल्या मिसळणाच्या डब्यातलं थोडंसंच लागतं, आणि अडचण नेमकी तिथेच येते. आपला हात थोडक्यावर थांबत नाही.

म्हणून आधी काय घालायचं नाही ते सांगते. गोडा मसाला अजिबात नको. त्यातलं दगडफूल, खोबरं आणि तीळ टॅकोला थेट आमटीत नेऊन सोडतात. कांदा-लसूण मसालाही नको. नावावरून तो बरोबर वाटतो, पण त्यात लवंग-दालचिनी-खोबरं असतं. हळद नको, गरम मसाला नको.

आता मिरची. टेक्सासच्या मिश्रणात बहुधा आंचो असते, म्हणजे पिकवून वाळवलेली पोब्लानो जातीची मिरची. गडद, जराशी गोडसर, मनुकांसारखी, तिखट कमी. आपल्या बाजारात तिच्या सर्वांत जवळची बेडगी. रंग देते, अंग देते, जाळत नाही. बेडगी नसेल तर काश्मिरी चालेल. लवंगी किंवा संकेश्वरीच्या वाटेला जाऊ नका. तिखट हवं असेल त्यानं वरून घ्यावं. साठ-एक ग्रॅम बेडगीची देठं आणि बिया काढा, मंद तव्यावर कोमट होईपर्यंत फिरवा आणि गार झाल्यावर मिक्सरला बारीक करा.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे, चार-दोन-एक. बेडगीची पूड चार मोठे चमचे, जिरेपूड दोन, वाळलेला ओरेगानो एक. त्यात धनेपूड एक लहान चमचा, मिरेपूड अर्धा लहान चमचा. तुमची तयार धने-जिरे पूड इथे वापरू नका, तिच्यात धने जास्त असतात आणि मसाला भाजीकडे वळतो. जिरं वेगळं घ्या आणि हलकंच भाजा, वास सुटला की उतरवा. काळपट भाजलंत तर ताकाचा मसाला होतो.

ओरेगानोबद्दल थोडं सविस्तर, कारण घरातल्या ओरेगानोची पुडी बहुतेकदा पिझ्झाबरोबर आलेली असते. तशा पुड्यांत अनेकदा मीठ आणि इतर जिन्नसही असतात, म्हणून मागचं वाचून मग घाला आणि मीठ त्या हिशेबानं कमी करा. मेक्सिकोतला ओरेगानो वनस्पती म्हणूनही वेगळा आहे, तो पुदिन्याच्या कुळातला नाही. त्याचा वास जास्त उग्र असतो. तो उग्रपणा आणायचा तर आपल्या ओव्याची चिमूट ओरेगानोबरोबर चुरडून घाला. दोन्हींत थायमॉल हे एकच द्रव्य असतं. पण चिमूटच हं. चमचा घातलात तर घरभर ओव्याच्या पुरीचा वास.

कांद्या-लसणाच्या पुडी मी बरणीत घालत नाही. पावसाळ्यात त्या ओल धरतात आणि सगळ्या मसाल्याचा गोळा होतो. ताजा कांदा-लसूण घरात असताना कशाला? मीठ आणि साखरही शिजवतानाच. असा कोरडा मसाला घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, गॅसपासून लांब, चार-सहा महिने चांगला राहतो. जैन घरात करायचा असेल तर फोडणीत हिंग घाला आणि मोकळे व्हा.

शिजवायची रीत अशी. तेलात एक मोठा कांदा बारीक चिरून आणि चार-पाच पाकळ्या लसूण परता, खिमा घालून त्यातलं पाणी आटेपर्यंत परतत राहा. मग आच मंद करून अर्धा किलोला दोन मोठे चमचे मसाला, एक लहान चमचा मीठ, चिमूटभर साखर. मसाला अर्धा मिनिट तेलात फुलू द्या, त्याहून जास्त नको, बेडगी पटकन जळते. एक मोठा चमचा टोमॅटो प्युरी चालेल. पाऊण कप पाण्यात एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर कालवून ओता आणि रस खिम्याला धरेपर्यंत शिजवा. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरी, स्टार्चची पूड, पिवळं मक्याचं पीठ नव्हे. पाकिटातल्या मसाल्यानं जो चिकट, तुकतुकीत रस्सा होतो तो बहुतेकदा याच्यामुळेच. शेवटी लिंबू पिळा. लिंबाशिवाय हा खिमा अर्धवट वाटतो.

प्रश्न : आमच्याकडे मांसाहार होत नाही. हाच मसाला राजम्याला चालेल का? — वाचक, डोंबिवली

उत्तर : चालेल काय, शोभेल. राजमा मूळचा तिकडचाच. रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि कुकरला बोटानं मोडेल इतका मऊ करा. कच्चट राजमा पोटाला बाधतो, त्यामुळे स्लो कुकरमध्ये मंद आचेवर शिजवायच्या फंदात पडू नका, आधी खळखळून उकळलेला हवा. शिजल्यावर निम्मा ठेचा आणि निम्मा अख्खा ठेवा. मसाला थोडा जास्त लागेल, कारण राजमा चव शोषून घेतो. सोया ग्रॅन्युल्स वापरणार असाल तर गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा, नाहीतर त्यांचा वास मसाल्याच्या वर येतो. पनीर मला यात आवडत नाही. मसाला त्याच्यावर नुसता बसतो, आत जात नाही.

प्रश्न : कवचं विकत आणण्याऐवजी मक्याच्या पिठाच्या टॉर्टिया घरी लाटता येतील का? माझ्या तर लाटतानाच भेगाळतात. — वाचक, नाशिक

उत्तर : भेगाळणारच. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर त्यातच ठेवतात, साली धुऊन काढतात आणि मग ओला दळतात. चुन्यामुळे मक्याचं पीठ एकमेकांना धरून राहतं आणि त्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. आपल्या गिरणीतलं पीठ हे संस्कार न झालेलं, त्याची भाकरी थापता येते, पातळ टॉर्टिया होत नाही. मासा हरिना म्हणून तयार पीठ मोठ्या दुकानांत मिळतं, तेच आणा. ते पीठ कोमट पाण्यात मळून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा, दोन प्लास्टिक कागदांत सपाट ताटलीनं दाबा आणि कोरड्या तव्यावर भाजा. ते न मिळाल्यास सरळ गव्हाची करा. उत्तर मेक्सिको आणि टेक्सासमध्ये मैद्याच्या टॉर्टिया सर्रास खातात. दोन कप कणीक किंवा मैदा, दोन मोठे चमचे तेलाचं मोहन, पाव चमचा बेकिंग पावडर, मीठ, कोमट पाणी. अर्धा तास झाकून ठेवून पोळीपेक्षा किंचित जाड लाटा आणि तवा चांगला तापल्याशिवाय टाकू नका.