तूप सोडलं, तरी वजनाचा काटा हलेना

प्रश्न : वय ६२, मुक्काम सक्करदरा. वजन कमी करायचं म्हणून तूप बंद केलं. चहात साखरेऐवजी गूळ, सकाळी ग्लासभर संत्र्याचा रस. रविवारी वडाभात असतो, त्यावरही तूप नाही, फोडणीचं तेलच घेतो. शनिवारी दोन पेग, पण त्यात काय, पाणीच! घरी आम्ही दोघंच, महिन्याला तीन लिटर तेल पुरतं. मग या कॅलरी येतात तरी कुठून?

उत्तर : काका, मुद्द्याची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. तीन लिटर तेल! लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. तीन लिटरला दोघांत आणि तीस दिवसांत वाटा. माणशी रोज ४५ ग्रॅम पडतं. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी. म्हणजे पोळी, वरण, भाजी मोजायच्या आधीच रोजच्या चारशे कॅलरी झाल्या. तेल फल्लीचं असो, सोयाबीनचं की जवसाचं, आकडा तोच. तुपाचाही जवळजवळ तोच. तुम्ही तूप सोडून तेल धरलंत, यात वजनाला काय कळणार?

साखर, पीठ आणि प्रथिनं यांच्या ग्रॅमला ४ कॅलरी. गुळाला थोड्या कमी, पण वजन उतरण्याइतक्या नाहीत.

आता ते ‘पाणी’. अल्कोहोलच्या ग्रॅमला ७ कॅलरी. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगात सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे १४० कॅलरी. दोन पेगांच्या २८०, शेव-चिवड्याचा हिशेब वेगळा. पाकिटामागे १०० ग्रॅमचा आकडा छापलेला असतो, एकदा चष्मा लावून वाचाच.

रसाच्या एका ग्लासात तीन-चार संत्री सहज जातात. तेवढी सोलून खायला बसलात तर दुसऱ्यालाच हात थांबेल. गाळताना चोथा जातो, साखर तेवढी ग्लासात उरते. नागपुरात राहून संत्रं गाळून प्यायचं, हे मला तरी पटत नाही.

वडाभात सोडा असं मी म्हणणार नाही, माहेरी तोंड दाखवायची सोय राहणार नाही. पण तेल पळीनं ओतू नका. ३० मिलीची पळी म्हणजे अडीचशेच्या आसपास कॅलरी. चहाच्या चमच्यानं घेतलं तर चाळीस. हिंग, मोहरी, लाल मिरची तेवढीच राहू द्या. वडे तळलेले असतात, त्यांनीही तेल प्यायलेलंच असतं. तर्री पोह्यांचंही तसंच: चण्याचा रस्सा घ्या, वरचा लाल तवंग पातेल्यातच राहू द्या.

काकूंना सांगून पुढच्या महिन्यात दोन लिटरच तेल भरा. माणशी रोज १३५ कॅलरी तिथंच कमी होतील. शुगरच्या गोळ्या चालू आहेत का, हे पत्रात नाही. असतील तर जेवणात बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला.