मसुद्यातले शब्द

दादर, मुंबई

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा कायद्याचा मसुदा काल रात्री बसून वाचला. खाणीच्या उत्पन्नात गावाला वाटा मिळावा, ही तुझी तळमळ ओळीओळीत दिसते. पण सातव्या कलमात तू लिहिलंयस, ‘ग्रामसभेशी विचारविनिमय करण्यात येईल.’ ही ओळ आधी खोड.

आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा पुन्हा उघड. तिथे जमीन संपादन करायची असेल तर विचारविनिमय. वाळू-दगडासारख्या गौण खनिजाचा खाणपट्टा द्यायचा असेल तर शिफारस, तीही आधी आणि बंधनकारक. मध, तेंदूपानं अशा गौण वनोपजावर मात्र मालकी. पहिल्या शब्दात सरकारनं गावाचं ऐकून घ्यायचं, दुसऱ्यात गावासाठी थांबायचं, तिसऱ्यात गावाकडे मागायचं. तू स्वतःच्या हातानं पहिला शब्द निवडलास, याचं मला वाईट वाटलं.

मालकी लिहिली म्हणजेही काम झालं असं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क, मिळाला. २००६च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात धरलेला आहे. तरी वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याच्याच कपाटात! बांबू गावाचा, पण ट्रक गावाबाहेर काढायला कागद दुसऱ्याचा. २०११च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते ते पुस्तक ग्रामसभेला मिळालं, तेव्हा कुठे बांबू विकण्याची वाट मोकळी झाली. म्हणून विचारते, तुझ्या मसुद्यात परवान्याचं पुस्तक कुणाकडे आहे?

खाणबाधितांसाठीच्या निधीबद्दल, म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठानाबद्दल, तू छान लिहिलंयस. खनिज कायद्याच्या २०१५च्या दुरुस्तीनंतर जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के आणि लिलावातल्या पट्ट्यांवर १० टक्के रक्कम तिथे जमा होते, हे बरोबर. पण खर्चाची यादी जिल्ह्याच्या ठिकाणी ठरते. ज्या पाड्याच्या विहिरीत खाणीचा लाल गाळ उतरतो, त्या पाड्याची सही त्या यादीवर लागली पाहिजे. तेवढं एक पोटकलम घाल.

सही म्हटलं की मला एक रजिस्टर आठवतं. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका प्रकरणात ग्रामसभेचा ठराव माझ्या हातात आला होता. एका पानावर साठेक अंगठे, सगळ्यांची शाई सारखी ओली दिसणारी, सगळे एका रांगेत. मी तो ठराव खरा धरून युक्तिवाद केला. नंतर एक आजी भेटल्या. म्हणाल्या, “अंगठा माझाच हाय बाई, पर सभा कवा झाली?” त्यानंतर मी नोटीस किती दिवस आधी लागली, कोरम किती होता, बायका किती होत्या, हे विचारल्याशिवाय एकही ठराव वाचला नाही. या तिन्ही गोष्टी तू कायद्यातच लिही, नियमांवर सोडू नकोस. नियम मागाहून येतात आणि कधीकधी येतच नाहीत.

‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा. आपण त्यातल्या मुंबईत बसून लिहितोय. माझ्या नळाला शहापूर तालुक्यातल्या भातसा-तानसा धरणांचं पाणी येतं, आणि उन्हाळ्यात त्याच शहापूरच्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघतात. तुझ्या मसुद्यात खनिज आहे, वन आहे, पाण्याचं एक अक्षर नाही.

शनिवारी सातवं कलम नव्यानं लिहून आण. रविवारी सकाळच्या आसनगाव लोकलनं शहापूरला जाऊ. जाताना वही घे.

तुझी,
मावशी