पेटी वाजवणाऱ्या मुलाला कंडक्टर व्हायचंय

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे. भजनी मंडळात पेटी वाजवतो, डबलबारीलाही बसतो. झुबिन मेहतांचे कार्यक्रम पाहून त्याने ऑर्केस्ट्राचा कंडक्टर, म्हणजे वादकांसमोर उभं राहून छडीने त्यांना चालवणारा, व्हायचं मनावर घेतलंय. आतापासून काय करावं? परदेशात वाव मिळेल का?
– एक पालक, मालवण

उत्तर : वाव आहे, पण छडी हातात घ्यायची घाई नको. आधी पियानो. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे उजवी बोटं तयार आणि डावी कोरी राहतात. कंडक्टरला मात्र वीसेक ओळींचं नोटेशन एका नजरेत वाचून दोन्ही हातांनी पियानोवर उभं करावं लागतं. बाहेरच्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेत हे हमखास बघतात. म्हणून डाव्या हाताला रोज वेगळा अर्धा तास द्या. तुम्हाला जवळ पडेल ती पणजीची कला अकादमी. तिथे पाश्चात्त्य संगीत शिकवतात.

सोबत ऑर्केस्ट्रातलं एक वाद्य हवंच. मेहता १९५४ साली व्हिएन्नाला गेले, तिथे हान्स स्वारोव्स्कींकडे कंडक्टिंग शिकले आणि डबल बास हे व्हायोलिनसारखं पण खूप मोठं, खर्जातलं वाद्यही. व्हायोलिन घेतलंत तर आपल्या पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, तेव्हा व्हायोलिनच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वाजवून झालं की गजाचे (बोचे) केस सैल करा.

नोटेशन वाचताना पुष्कळ मुलं एका जागी अडतात, पण पेटीवाल्याला तीच जागा सोपी जावी. क्लॅरिनेटच्या ओळीत ‘सी’ (म्हणजे पेटीची पांढरी एक) लिहिलेला असतो, ऐकू येते ती त्याच्या खालची काळी पाच. हॉर्न या पितळी वाद्याच्या ओळीतला ‘सी’ खालच्या सप्तकातली पांढरी चार वाजतो. गायक बदलला की सा बदलतो, तसंच हे. फक्त इथे चार-पाच सा एकाच वेळी डोक्यात धरायचे.

हात त्यानंतर. चार मात्रांचा ठेका खाली, डावीकडे, उजवीकडे, वर असा दाखवतात. खरी कसोटी पहिल्या मात्रेच्या आधीच्या उचलीची. भजनात बुवा गजर देण्याआधी श्वास घेतात आणि त्या श्वासावरूनच कोरसला लय कळते, तशीच ही उचल. ती पुढच्या लयीतच हवी. रेंगाळली तर साठ माणसं साठ वेळांना सुरू होतात. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची पहिली मात्रा तर अर्ध्या मात्रेच्या विरामाने सुरू होते, म्हणून भल्याभल्यांची तिथे तारांबळ उडते. दुसरी चूक म्हणजे डाव्या हाताने उजव्याची नक्कल. डावा हात कोणी कधी यायचं आणि आवाज किती, एवढ्यासाठी राखून ठेवावा.

परदेशी वाट बहुधा स्पर्धांतून जाते : फ्रान्सची बेझाँसों, कोपनहेगनची माल्को. मेहतांनी १९५८ साली लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली, तेव्हा तिथे वर्षभर सहायक कंडक्टरचं काम मिळालं. पुढे १९६१ मध्ये माँट्रियल, १९६२ मध्ये लॉस एंजेलिस, १९७८ मध्ये न्यूयॉर्क इथल्या ऑर्केस्ट्रांची सूत्रं त्यांच्याकडे आली. सहायक प्रेक्षागृहात मागे बसून पितळी वाद्यं तंतुवाद्यांना झाकत नाहीत ना हे टिपतो आणि मुख्य कंडक्टर आजारी पडला तर आयत्या वेळी उभा राहतो. त्यासाठी त्या आठवड्याच्या सगळ्या रचना त्याच्या तयार असाव्या लागतात.

जर्मन भाषा आत्ताच सुरू करा. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या ऑपेराघरांत नवे कंडक्टर बहुधा गायकांना पियानोवर तालीम देता देता वर चढतात, आणि ती तालीम जर्मनमध्ये चालते.