ओटीपी कुणाच्या नंबरवर येतो, ते आधी बघ

मनीषनगरातून तू विचारलंस: ताई, जर्मनीत म्युनिकला नोकरी लागली, तिथे आरोग्यविमा सरकारी घेऊ की खाजगी, आणि आई-बाबा नागपुरातच राहणार, त्यांचं काय? पहिल्याचं उत्तर पाच मिनिटांत लिहून झालं. दुसऱ्याने दोन रात्री झोपू दिलं नाही.

सरकारी घे. पगार वर्षाला 73,800 युरोच्या वर असला (हा 2025 चा आकडा) की खाजगीत जाता येतं, आणि एजंट लगेच गोड बोलायला लागतात. तू तिशीतला, धडधाकट, तुझा हप्ता कमीच बसणार. पण खाजगीत बायकोचा हप्ता वेगळा, प्रत्येक पोराचा वेगळा. सरकारीत पगाराच्या टक्क्यांनी कापतात, निम्मा कंपनी भरते, न कमावणारी बायको आणि मुलं त्यातच येतात. पंचावन्न उलटले की खाजगीतून परत यायची वाट जवळपास बंद.

2019 मध्ये माझ्या नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. पाच महिने घरी. पहिले सहा आठवडे कंपनीने पूर्ण पगार दिला, पुढे विम्याकडून पगाराच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास येत राहिले. एफडी मोडली नाही, कुणाला फोन केला नाही. दवाखान्याचं बिल पोस्टाने आलं, दिवसाला 10 युरो. नवरा म्हणे, "बाप्पा, एवढंच?" उपकार नाही हो, दर महिन्याला पगारातून कापतात तेव्हा जीव जळतोच. ही पद्धत 1883 ची, तेव्हाचा जर्मन चान्सलर बिस्मार्क याच्या काळची. समाजवाद्यांची हवा काढायला त्याने आणली. नंतर किती सरकारं आली न गेली, टक्के हलले, सांगाडा तोच राहिला. उणंही सांगते: त्वचेच्या डॉक्टरची वेळ मला तीन महिन्यांनंतरची मिळाली. आपल्या रामदासपेठेत संध्याकाळी नंबर लावून बसलं की रात्रीच्या जेवणाआधी घरी.

शाळेचं तू विचारलं नाहीस, पण पोरं होतील तेव्हा आठवशील. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीतच मुलांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर, तिन्हींची सरासरी 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा. आकडा जितका कमी तितकं चांगलं. माझ्या लेकीला 2.66, म्हणजे त्याखालची रेआलशूल. एका विषयात एक श्रेणी कमी पडली, आणि तो विषय जर्मन, जी आम्ही घरी बोलत नव्हतो. दहा वर्षांच्या पोरीला बाई म्हणाल्या, रेआलशूलही छानच असते. असेलही. नंतर वाट बदलता येते हेही खरं. पण तो कागद मी अजून फाईलमध्ये वर ठेवलाय, काहून ते मलाच ठाऊक नाही.

एकटं वाटतं का? वाटतं. पुढे.

आई-बाबांचं. 1 मार्च 2024 पासून ज्यांना कुशल कामगाराचा परवाना पहिल्यांदा मिळतो, त्यांना आई-वडिलांना इकडे आणता येतं. तुला येईल. आम्ही 2016 चे, आम्हाला नाही. तुझा प्रश्न वाचून आधी तेच टोचलं. पण हुरळून जाऊ नको. त्यांचा आरोग्यविमा तू दाखवायचा असतो. सरकारी विमा त्यांना घेत नाही, आणि सत्तरीच्या शुगर-बीपीवाल्याला खाजगी कोण घेऊन राहिलं?

म्हणजे त्यांची सोय नागपुरातच करायची. जानेवारी 2025 मध्ये बाबांना झटका आला, उजवी बाजू गेली. शेजाऱ्यांनी धंतोलीतल्या जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं. तो सरकारी आरोग्य योजनेत नव्हता. 80 हजार आगाऊ मागितले, मी इथून पाठवले. दुसऱ्या दिवशी योजनेतल्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. बाबा 73 वर्षांचे. सत्तरीवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, 5 लाखांचं आयुष्मान कार्ड ऑक्टोबर 2024 पासून मिळतं. मला दिवाळीतच माहीत होतं. फोनवरून होणारं काम, या रविवारी करू, त्या रविवारी करू करत राहिले.

आरोग्यमित्राने, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनिसाने, मोबाईलवर फॉर्म भरला आणि आईला विचारलं, "ओटीपी आला का?"

बाबांच्या आधारला माझा नंबर होता. जुना, नागपूरचा. जाताना मीच जोडून दिला होता, त्यांना मेसेज वाचता येत नाहीत म्हणून. पुढे रिचार्ज करायचा राहिला आणि तो नंबर बंद पडला. बाबा बेशुद्धीच्या काठावर. अंगठ्याचे ठसे मशीन घेईना. कार्ड चौथ्या दिवशी झालं, तोवर तिकडचं बिल वाढून बसलं.

काका बाहेर बाकावर बसून कुणाशी तरी वाद घालत होते, की ही योजना मूळ कुणाची. आधी राजीव गांधींच्या नावाची जीवनदायी, 2017 पासून महात्मा फुले जन आरोग्य, वर केंद्राचं आयुष्मान. पाटी कुणाचीही असो, आतल्या खिडकीवर आधार आणि ओटीपीच मागतात.

तेव्हा व्हिसाच्या आधी हे कर. दोघांचं आधार त्यांच्या स्वतःच्या, चालू नंबरला जोड. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का बघ. आमच्याकडे एकात "सुधाकर", दुसऱ्यात "सुधाकरराव". सत्तरी झाली असेल तर कार्ड आजच काढ. घराजवळचा कोणता दवाखाना योजनेत आहे ते फ्रीजवर लिहून ठेव, शेजाऱ्यांनाही सांग. आणि हे कार्ड दाखल झाल्यावरचं. रोजच्या गोळ्या आणि घरी येणारी फिजिओ आपल्याच खिशातून, त्याचे पैसे महिन्याला बाजूला काढ.

आता बाबांचं आधार आईच्या नंबरला आहे. ओटीपी आला की ती मला फोन लावते आणि पूर्ण मेसेज वाचून दाखवते, "हा क्रमांक कुणालाही सांगू नका" इथपर्यंत.