हाताला चाळा हवाच असतो

प्रश्न : आम्ही शिंदखेडा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझा मुलगा सात वर्षांचा असून त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितले. आनंद झाला की तो दोन्ही हात पंखांसारखे हलवतो, चवड्यांवर उड्या मारतो, घूं घूं असा आवाज काढत राहतो आणि फिरत्या पंख्याकडे कितीही वेळ पाहत बसतो. वेचलेला कापूस पुढच्या खोलीत भरला की त्यात तो छातीपर्यंत रुतून बसतो आणि तिथून निघायला तयार होत नाही. मागच्या महिन्यात भाचीच्या हळदीला डीजे लागल्यावर त्याचे हात हलवणे एवढे वाढले की सगळा मांडव त्याच्याकडे पाहू लागला. सासूबाई ‘हाऊ पोऱ्या असा काब्रं करस?’ (हा मुलगा असे का करतो?) म्हणत रोज दृष्ट काढतात, आणि शाळेत त्याला हात मांडीखाली दाबून बसायला लावतात. ही सवय मोडण्यासाठी मी काय करावे?

उत्तर : ताई, ही सवय मोडू नका. तुम्ही जे बारकाईने पाहिले आणि लिहून पाठवले, त्यातच याचे कारण आहे.

आपल्या भाषेत ‘हाताला काहीतरी चाळा हवा’ असे आपण सहज म्हणतो. वात वळणारी आजी, बोलता बोलता पदराचे टोक पिळणारी बाई, हिशेब करताना पेनाचे टोपण उघडझाप करणारा माणूस यांना कोणी नावे ठेवत नाही. तोच चाळा वेगळ्या मुलाने केला की त्याचे अनेकवचन होते आणि आपण ‘चाळे’ म्हणून त्याला रागावतो. तज्ज्ञ या हालचालींना स्टिमिंग म्हणतात. शरीराला हवी ती संवेदना पुन्हा पुन्हा मिळवून मन ताळ्यावर आणण्याची ही रीत सर्वच माणसांत असते. स्वमग्न माणसात ती अधिक ठळक असते आणि त्याची तिच्यावरची भिस्तही अधिक असते.

याचे कारण असे की, आवाज, उजेड, स्पर्श आणि वास स्वमग्न मुलापर्यंत आपल्यासारख्याच मापात पोहोचतात असे नाही. काही संवेदना त्याच्या अंगावर कोसळतात, तर काही इतक्या क्षीण असतात की त्या त्याला मुद्दाम शोधाव्या लागतात. डीजेचा ठोका तुमच्या छातीत घुमत असेल, तर त्याच्यासाठी तो सहन करण्यापलीकडचा असू शकतो. अशा वेळी स्वतःच्या घशातून काढलेला एकसारखा आवाज हा त्याच्या ताब्यातला एकमेव आवाज असतो आणि त्याच्या आडोशाने तो बाकीचा कल्लोळ थोडा दूर ठेवतो. मांडवात त्याचे हात हलवणे वाढले याचा अर्थ त्याचा त्रास वाढला होता. हात धरून ठेवले असते तर त्रास तसाच राहिला असता आणि त्यावरचा त्याचा उपाय मात्र गेला असता. घरी तेच हात आनंदानेही हलतात, म्हणून हालचालीसोबत चेहरा आणि आसपासची परिस्थिती पाहण्याची सवय घरातल्या सर्वांनी लावून घ्यावी.

कापसाचे वाचून मी क्षणभर थांबले, कारण मुलाने आपल्यासाठी किती नेमका उपाय शोधला आहे ते त्यात दिसते. चहूबाजूंनी पडणाऱ्या सौम्य दाबाने स्नायू आणि सांधे मेंदूला ‘तू इथे आहेस’ असा स्पष्ट निरोप देतात, आणि पुष्कळ स्वमग्न माणसांना त्याने स्वस्थता येते. अमेरिकेतील पशुविज्ञानाच्या प्राध्यापक टेंपल ग्रँडिन स्वतः स्वमग्न आहेत. लस टोचताना गुरे खोड्यात दोन्ही बाजूंनी दाबली गेली की शांत होतात, हे त्यांनी तरुणपणी पाहिले आणि तसा दाब देणारे यंत्र स्वतःसाठी बनवून घेतले. तुमच्या मुलाला यंत्राची गरज नाही. मात्र कापसाच्या ढिगात नाकातोंडात तंतू आणि धूळ जाते, फवारणीचे अंशही त्यात असू शकतात, आणि ढीग अंगावर ढासळण्याचा धोका असतो. त्याऐवजी जाड गोधडीची घडी मांड्यांवर ठेवून पाहावी, किंवा तो स्वतः जवळ आला तर घट्ट मिठी मारावी. गोधडी तोंडावर येऊ देऊ नये आणि ती त्याला स्वतःच्या हाताने बाजूला सारता आली पाहिजे.

झुलण्याचे आणि उड्या मारण्याचेही असेच आहे. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी इंद्रिये असतात आणि एका लयीतल्या झोक्याने ती पुष्कळांना शांत करतात. पाळण्यातले बाळ याच कारणाने निजते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आपल्याकडे कडुनिंबाला झोके बांधतात आणि माहेरी आलेल्या लेकी त्यावर गाणी म्हणत झुलतात. त्या झोक्याची दोरी सण संपल्यावर सोडू नका, वर्षभर राहू द्या. शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर दहा-पंधरा मिनिटे तो हवे तसे झुलला तर बाकीचा दिवस त्याला सोपा जाण्याची शक्यता आहे.

हात दाबून ठेवण्याची पद्धत नवी नाही. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेची ओळख करून दिली, त्यातही वस्तू गरगरा फिरवणे आणि तेच ते शब्द उच्चारणे यांची नोंद होती. पुढे काही दशके, अशा हालचाली बंद पाडणे म्हणजेच उपचार, अशी समजूत उपचार करणाऱ्यांतही प्रबळ होती. त्या मुलांतली कित्येक आता मोठी होऊन स्वतः बोलू लागली आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३२ स्वमग्न प्रौढांना याविषयी विचारण्यात आले, तेव्हा अनावर भावना आणि संवेदना आवरण्यासाठी या हालचाली कामी येतात आणि त्या बळाने बंद करू नयेत, असे त्यांच्या बोलण्यातून पुढे आले. त्यांच्या या साक्षीला मी आपल्या सर्वांच्या अंदाजापेक्षा अधिक वजन देते.

शाळेत जाऊन बोला. हात मांडीखाली दाबून बसलेल्या मुलाचे सारे लक्ष हात न हलवण्यात जाते आणि फळ्यासाठी काही उरत नाही, हे बाईंना शांतपणे सांगा. शेवटच्या बाकाजवळ उभे राहून ऐकण्याची मुभा, हातात दाबायला मऊ चेंडू आणि तासातून एकदा पाण्याच्या टाकीपर्यंत चक्कर, एवढ्या सवलती मागा. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ अपंगत्वांत स्वमग्नता आहे आणि गरजेनुसार सोयी देण्याचे शाळांचे कर्तव्य त्यात सांगितले आहे. हा कायदा तुमच्या बाजूचा आहे हे मनात असू द्या, पण बोलण्याची सुरुवात त्याने करू नका.

सासूबाईंना दृष्ट काढू द्या, मुलाला धूर आणि मिरचीच्या ठसक्याचा त्रास होत नसेल तेवढे पाहा. त्यांच्या ‘काब्रं करस’ या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांना एकदा जवळ बसवून नक्की द्या.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, स्वमग्न आहे आणि बोलत नाही. लहानपणापासून ती बसल्या जागी डुलते, त्याची आम्हाला सवय आहे. पण गेल्या पंधरा दिवसांपासून ती रात्री भिंतीवर डोके आपटते आणि मनगट चावते. अशा मुलांमध्ये हे चालायचेच, असे गावात सगळे म्हणतात. (नंदुरबार जिल्हा)

उत्तर : भाऊ, हे चालायचे नाही. हे वाचताच तिला डॉक्टरांकडे न्या.

जुने डुलणे आणि हे नवे आपटणे यांना एका मापाने मोजू नका. न बोलणारे मूल अचानक स्वतःला इजा करू लागले, तर प्रथम दुखण्याची शंका घ्यावी. कान, दाढ, बद्धकोष्ठता, छातीत जळजळ ही नेहमीची कारणे आहेत. आणि मुलगी अकरा वर्षांची असल्याने मासिक पाळी सुरू होण्याच्या सुमाराची पोटदुखीही ध्यानात घ्यायला हवी, तेव्हा तिच्या आईला सोबत न्या. स्वमग्न मुलांत अपस्माराचे (फिट येण्याच्या आजाराचे) प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते, म्हणून नजर एका जागी खिळणे, हाका मारूनही प्रतिसाद न येणे किंवा अंगाला झटके येणे असे काही दिसते का, तेही पाहा. मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण करून ठेवा. वर्णनापेक्षा त्यावरून डॉक्टरांना लवकर समजते.

तोवर तिची पथारी भिंतीपासून दूर घ्या, भिंतीला गादी उभी टेका आणि तिच्यावर ओरडू नका. डोके आपटल्यानंतर उलटी, गुंगी किंवा शुद्ध हरपणे असे झाले तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठा.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांचा असून जळगावात हिशेबाचे काम करतो. मला स्वमग्नता असल्याचे गेल्या वर्षी कळले. खुर्चीत डुलण्यावरून आणि टेबलावर बोटे वाजवण्यावरून साहेब बोलले, तेव्हापासून मी दिवसभर स्वतःला आवरून धरतो. घरी आल्यावर मात्र दोन तास अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागते, तोंडातून शब्द निघत नाही. आई घाबरते.

उत्तर : दिवसभर स्वतःला आवरून धरणे हेही एक काम आहे, आणि ते तुम्ही हिशेबाच्या कामासोबत रोज आठ तास करता. त्यामुळे संध्याकाळी येणाऱ्या थकव्याला आळस किंवा दुबळेपणा समजू नका.

कार्यालयात आवाज न होणारे पर्याय शोधा. खिशातला गुळगुळीत गोटा, पायाखाली ठेवलेला रबरी चेंडू किंवा मनगटातले मण्यांचे कडे यांपैकी काय मानवते ते वापरूनच कळेल. जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर एकट्याने फेऱ्या मारा. विश्वासातल्या एका सहकाऱ्याला खरे काय ते सांगता आले तर बरे. साहेबांना सांगायचे की नाही, हा निर्णय सर्वस्वी तुमचा राहू द्या. संध्याकाळ अशीच जड जात राहिली किंवा मन खचू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यास उशीर करू नका.

आईंसाठी एक विनंती आहे. मुलगा घरात आल्यावर लगेच काही विचारू नका, दिवा लावू नका, चहा दारापाशी ठेवा. घरात बंगई (झोपाळा) असेल तर ती त्या वेळेपुरती त्याच्यासाठी मोकळी सोडा. कड्यांना तेल घालून ठेवा, म्हणजे करकर होणार नाही.