अणुकेंद्र शिकवायचंय? आधी पुस्तक नीट निवडा

सर, लातुरात पुस्तकांच्या दुकानात गेलात की नीट परीक्षेच्या एमसीक्यूंचे (बहुपर्यायी प्रश्नांचे) जाडजूड गठ्ठे समोर येतील. ते आत्ता घेऊ नका. नव्या शिक्षकाची पहिली चूक तीच. दुसरी म्हणजे एकदम एमएस्सीचा ग्रंथ उचलणं. त्यातलं गणित बारावीच्या पोरांना झेपत नाही.

पाया म्हणून एनसीईआरटी बारावीचं १३ वं प्रकरण आणि बोर्डाच्या पुस्तकातलं १५ वं पुरे. जोडीला एकच पुस्तक घ्या, पण दुकानातच दोन पानं उघडून बघा:

- अर्धायुष्य (किरणोत्सारी पदार्थातले निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा वेळ): आयोडीन-१३१ चं ८ दिवस. १६ दिवसांनी सगळं संपत नाही, पाव भाग उरतो, हे पुस्तक समजावतं का? इथंच पोरं हमखास चुकतात.
- बंधनऊर्जेचा (अणुकेंद्रातले कण सुटे करायला दर कणामागे लागणाऱ्या ऊर्जेचा) आलेख: लोहाजवळचा उंचवटा दाखवून विखंडन (जड केंद्र फुटणं) आणि संमीलन (हलकी केंद्रं जुळणं) दोन्हींतून ऊर्जा का मिळते, ते सांगितलंय का?

अर्धायुष्य दाखवायला सोबत शंभर फोडलेले चिंचोके ठेवा. उधळायचे, पांढरी बाजू वर आलेले काढायचे, उरलेले मोजून पुन्हा उधळायचे, शेवटी आलेख काढायचा. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढं सरकतात. अणुभट्टीची गणितं दिवाळीनंतर बघू.